मॉरिशस: माणसे आणि रकाने

२०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९७ हजार भरली. त्याच वर्षी हिंदी महासागरातल्या मॉरिशस देशानेही आपली माणसे मोजली आणि त्याच्या मुख्य बेटाचा आकडा आला सुमारे ११ लाख ९६ हजार. दूरचे रॉड्रिग्ज बेट आणि अगालेगाची दोन लहानशी बेटे धरली तरी सगळा देश १२ लाख ३७ हजारांच्या आतबाहेर. मालेगाव, रिसोड, वाशिम, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या आपल्या सहा तालुक्यांत जेवढी माणसे नांदतात, तेवढ्यांचा हा एक सार्वभौम देश आहे. त्याला स्वतःची राज्यघटना आहे, संसद आहे, संयुक्त राष्ट्रांत मत आहे. जमीन मात्र आपल्यापेक्षा बरीच कमी: मुख्य बेट १८६५ चौरस किलोमीटरचे, तर आपला जिल्हा सुमारे पाच हजारांचा.

मराठी वाचकाला मॉरिशस दोन गोष्टींमुळे माहीत असतो. एक म्हणजे निळा समुद्र, आणि दुसरी म्हणजे तिथे मराठी माणसे आहेत हा अभिमान. या लेखात मला तिसरी गोष्ट सांगायची आहे. त्या बेटावर कोण किती आहे, हे रक्तापेक्षा मोजणाऱ्याने काय विचारले यावर जास्त ठरत आले आहे. भारतात २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. सगळ्या जातींची अशी मोजणी शेवटची झाली १९३१ साली. अशा वेळी एका छोट्या देशाने माणसे रकान्यांत घालून काय मिळवले आणि काय गमावले, हे आपण नीट बघायला हवे.

या बेटाला मूळ रहिवासी नाहीत. तिथे कुणी ‘आधीचा’ नाही, सगळेच गलबतातून उतरलेले. डच १५९८ मध्ये आले, आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला देऊन गेले, पुढे १६३८ मध्ये वस्ती केली आणि १७१० मध्ये कायमचे निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते घेतले. त्यांनी मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले, काही भारतातूनही आणले. पाँडेचरीकडचे तमिळ कारागीर याच काळात पोर्ट लुईस बंदर बांधायला गेले. म्हणजे भारतीयांचा बेटाशी संबंध ऊसमजुरांच्या किती तरी आधीचा आहे. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, भाषा आणि कायदे तसेच राहू दिले. इंग्रजांचे राज्य दीडशे वर्षांहून अधिक चालले, तरी बेटाच्या जिभेवर फ्रेंच आणि फ्रेंचपासून घडलेली क्रिओल राहिली, त्याचे कारण हे. मुंबई आणि बंगाल इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदीही तिकडे पाठवले गेले आणि बेटावरचे रस्ते त्यांच्याकडून करून घेतले गेले.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी संपली. साठ हजारांहून अधिक माणसे मोकळी झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून अधिक. ज्यांच्या पिढ्या उसात गेल्या त्यांना काही मिळाले नाही. हा हिशोब मनात ठेवला तरच पुढची लोकसंख्या कळते. कारण मळे तसेच होते, ऊस वाढत होता आणि मोकळा झालेला माणूस त्या मळ्यावर परत जायला तयार नव्हता.

गिरमिट, म्हणजे करारावरची मजुरी, थोडी आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईसला उतरले, हे छोटा नागपूरकडचे डोंगराळ भागातले लोक होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या धक्क्यावर उतरले. ज्या पायऱ्यांनी ते वर चढत त्या सोळा पायऱ्या आजही आप्रवासी घाटावर दाखवतात. २००६ पासून ती जागा जागतिक वारशात आहे. करार पाच वर्षांचा, मजुरी महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापत. गावागावांतून माणसे गोळा करणारा सरदार बहुधा स्वतःच आधी बेटावर जाऊन आलेला असे.

वाशिम-यवतमाळच्या तांड्यांमधून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सगळे फार परके वाटणार नाही. मुकादम, आधी घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत बांधलेला हंगाम, कोयत्याबरोबर निघालेले सगळे कुटुंब. फरक एवढाच की इथला माणूस सहा महिन्यांनी घरी येतो. तिकडे गेलेल्यांतले सुमारे एक तृतीयांश परत आले, बाकीच्यांची पुढची पिढी तिकडची झाली.

हे मजूर तीन बंदरांतून गेले. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशचे भोजपुरी बोलणारे. मग मद्रासहून तमिळ आणि तेलुगू. मुंबईचा वाटा सर्वांत लहान, आणि त्यातले बरेचसे कोकणातले, विशेषतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले, काही थोडे घाटावरचे. वऱ्हाडातून फारसे कुणी का गेले नाही, याचे उत्तर त्या दशकांच्या इतिहासात आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला अचानक भाव चढला आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला भिडली. ज्या वर्षांत कोकणातली माणसे बोटीत चढत होती, त्या वर्षांत आपल्या काळ्या जमिनीला माणसांची गरज होती. कोकणात जमीन थोडी, पाऊस उदंड आणि बंदर उंबरठ्याशी. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी याच माणसांना हाक दिली आणि मॉरिशसकडची मुंबईची वाट हळूहळू ओसरली. म्हणून तिथला मराठी समाज लहान राहिला, पण एकाच मुलखातला असल्याने घट्ट राहिला.

१८६१ च्या मोजणीत बेटावर सुमारे तीन लाख दहा हजार माणसे होती आणि त्यांतले एक लाख नव्वद हजारांहून अधिक भारतीय होते. एका पिढीच्या आत बेटाचा सगळा तोंडवळा बदलला. १८६७ च्या सुमारास मलेरियाची भयंकर साथ आली, हजारो माणसे मेली, श्रीमंत लोक पोर्ट लुईस सोडून वरच्या थंड भागात राहायला गेले. आजही बेटाची वस्ती त्या पट्ट्यात दाट आहे. पुढची ऐंशी वर्षे लोकसंख्या फार वाढलीच नाही. १९४४ मध्ये ती चार लाख वीस हजारांच्या खालीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी फवारून मलेरिया हटवला आणि १९६२ मध्ये आकडा सहा लाख ऐंशी हजारांवर गेला. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मधल्या आपल्या अहवालात या बेटाचे भवितव्य अंधारात असल्याचे लिहिले: एकच पीक, वाढती माणसे आणि आपसांत भांडणारे समाज. मीड यांना पुढे नोबेल मिळाले, पण मॉरिशसबद्दलचे त्यांचे भाकीत खोटे ठरले. दर स्त्रीमागे सहाच्या आसपास असलेली मुले पंधरा वर्षांत निम्म्यावर आली. सरकारने संतती नियमनाला हात दिला आणि कॅथलिक चर्चनेही आपल्या मान्यतेच्या पद्धतीने वेगळी मोहीम चालवली. सक्ती न करता झालेले हे काम भारतात फारसे कुणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत नसबंदीच्या नावाखाली आपल्याकडे काय झाले ते जुन्या माणसांना ठाऊक आहे.

आता रकाने. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याआधी काही आठवडे पोर्ट लुईसमध्ये क्रिओल, म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज, आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली होती. बहुसंख्य हिंदूंचे राज्य येईल या धास्तीने अनेक क्रिओल आणि गोरी कुटुंबे देश सोडून गेली. या भीतीवर उपाय म्हणून घटनेनेच चार समाज ठरवले: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. जो आपल्या राहणीवरून पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथ्यात, अशी ही व्याख्या. १९७२ च्या जनगणनेत हिंदू निम्म्याहून थोडे अधिक, सर्वसाधारण लोकसंख्या अठ्ठावीस-एकोणतीस टक्के, मुसलमान साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आणि चिनी तीन टक्क्यांच्या आत होते.

त्या चौथ्या रकान्याकडे जरा थांबून बघावे. त्यात साखर कारखान्यांचे मालक असलेली फ्रेंच वंशाची मूठभर घराणी आहेत आणि त्याच घराण्यांच्या पूर्वजांनी ज्यांना गुलाम म्हणून विकत घेतले त्यांचे वंशजही आहेत. दोघे कॅथलिक, म्हणून दोघे एकत्र. जमीन एकाकडे, फावडे दुसऱ्याच्या हातात, आणि सरकारी कागदावर दोघांचा समाज एकच. गुलामांच्या वंशजांची गरिबी त्यामुळे कुठल्याच आकड्यात दिसत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटले, तेव्हा देशाला हे पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आले. पुढे सरकारने नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ मध्ये गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींच्या परिणामांवर एकत्र अहवाल दिला. दोन्ही दुःखे एकाच कागदावर मांडणे हे या देशाचे मोठेपण आहे, असे मी मानतो. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. गुलाम पळून ज्या डोंगरात लपत तो ल मोर्न आप्रवासी घाटापाठोपाठ २००८ मध्ये जागतिक वारशात गेला.

चार समाजांची ही विभागणी निवडणुकीत उतरते. संसदेत ६२ जण मतदानाने निवडून येतात. ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याच्या पडलेल्या उमेदवारांतून आणखी आठपर्यंत जण घेता येतात. याला तिथे ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. उद्देश चांगला होता आणि अल्पसंख्याकांना त्याने काही काळ धीर दिला, हे नाकारता येत नाही. पण १९७२ नंतर जनगणनेत समाज विचारणे बंद झाले. १९८२ मध्ये सत्तेवर आलेल्यांना देश रकान्यांतून बाहेर काढायचा होता. मोजणी थांबली, जागावाटप मात्र थांबले नाही. म्हणून आजही ते १९७२ च्या आकड्यांवर चालते. तेव्हा जन्मलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली. काही उमेदवारांनी आपला समाज सांगायला नकार दिला, त्यांचे अर्ज बाद झाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ मध्ये त्या एका निवडणुकीपुरती सवलत मिळाली, मूळ प्रश्न तसाच आहे. माझे मत स्पष्ट आहे. एकतर माणसे पुन्हा मोजा, नाहीतर त्या मोजणीवर वाटप करणे सोडा. जुना आकडा गोठवून ठेवणे हे या दोन्हींपेक्षा वाईट, कारण त्यात खरेपणाही राहत नाही आणि विस्मरणाची सोयही मिळत नाही.

हे बोलताना मला आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आठवते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे तीर्थ. तिथे रामनवमीला येणारा बंजारा महाराष्ट्राचा असेल तर विमुक्त जातींत, तेलंगणाचा असेल तर अनुसूचित जमातीत, कर्नाटकाचा असेल तर अनुसूचित जातीत. एकच बोली, एकच संत सेवालाल महाराज, आणि राज्याची हद्द ओलांडली की रकाना बदलतो. त्यांची गोरबोली तर जनगणनेत हिंदीच्या पोटात जाते. भारतात भोजपुरीचेही तेच होते. मॉरिशसच्या मोजणीत मात्र भोजपुरी ही हिंदीपासून वेगळी, स्वतःच्या नावाने उभी आहे. ज्या देशात ती जन्मली तिथे तिला रकाना नाही, जिथे ती बोटीतून गेली तिथे आहे.

मराठीचे तिथे काय झाले, ते याहून अनोखे आहे. मॉरिशसच्या जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ‘हिंदू’, ‘तमिळ’, ‘तेलुगू’ आणि ‘मराठी’ अशी वेगवेगळी नावे नोंदवली जातात. मराठी हा तिथे धर्माच्या यादीतला शब्द आहे! आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, पण त्यामागे साधे कारण आहे. तिथे हिंदू या शब्दाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ उत्तरेकडचा, भोजपुरी-हिंदी परंपरेचा माणूस असा होतो. स्वातंत्र्यापासूनचे बहुतेक पंतप्रधानही त्याच समाजातून आले. मराठी, तमिळ, तेलुगू लोकांना आपले देऊळ, आपला सण, आपली शाळेतली भाषा वेगळी राखायची होती आणि ती राखायला सरकारदरबारी वेगळे नाव लागत होते. २००० च्या जनगणनेत पूर्वजांची भाषा मराठी असे सांगणारे सुमारे साडेसोळा हजार लोक होते, म्हणजे शंभरात दीडही नाही. पण नाव वेगळे असल्याने गणेश चतुर्थी ही तिथे सार्वजनिक सुट्टी झाली. प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा वेगळा विभाग आहे, आणि संस्कृती खाते भरवत असलेल्या नाट्यमहोत्सवांत मराठी नाटकांनाही जागा आहे.

गणेशोत्सवाची बेटावरची सुरुवात १८९६ मध्ये हेन्रिएटा गावातल्या भिवाजी कुटुंबाने केली, असे तिथे मानतात. लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा केला तो काळ नुकताच मागे पडला होता. भिवाजी हे तिथे आडनाव आहे. जहाजातून उतरलेल्याचे नाव नोंदवहीत लिहिले गेले आणि तेच पुढे घराण्याचे झाले, गावाचे किंवा कुळाचे आडनाव कागदावर आलेच नाही. कोकणातला जाखडी नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून जिवंत आहे. १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद मॉरिशसमध्ये भरली आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवरायांचा पुतळा उभा राहिला.

पण घरात काय बोलतात? २०११ मध्ये शंभरातले शहाऐंशी लोक घरी क्रिओल बोलत होते. भोजपुरी २००० मध्ये बारा टक्क्यांवर होती ती अकरा वर्षांत साडेपाच टक्क्यांच्या खाली आली. तिची ही दशा, तर मराठीची वेगळी सांगायला नको. देवळात आरती मराठीत आणि आरतीनंतरच्या गप्पा क्रिओलमध्ये, हीच आता रीत आहे. मला त्यात दुःख करण्यासारखे जेवढे दिसते तेवढेच आनंदाचेही दिसते. क्रिओल ही गुलामांनी घडवलेली भाषा. मालकाची भाषा कानांनी उचलून त्यांनी ती स्वतःची केली आणि आज मराठी, तमिळ, चिनी, मुसलमान सगळे तिच्यात भांडतात आणि प्रेम करतात. २०१२ पासून ती शाळेतही शिकवली जाते. आपण ‘छोटा भारत’ म्हणून मॉरिशसचे कौतुक करतो तेव्हा या भाषेला आणि ती घडवणाऱ्यांना वगळतो. हा अन्याय आहे, आणि आपल्या मराठी व्यासपीठांवरून तो सर्वांत जास्त होतो. तिथल्या मराठी माणसाचा शेजारी कोण, त्याच्या आजोबाचे काय झाले, हे न विचारता फक्त आपल्या शंभरातल्या दीडाचा सत्कार करून परत येणे मला पटत नाही.

मार्च २०२४ मध्ये भारताने भारतीय वंशाच्या मॉरिशियनांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, कार्ड द्यायचे ठरवले. त्याला पुरावा लागतो तो गिरमिटाच्या नोंदींचा. त्या नोंदवह्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. प्रत्येक मजुराचा क्रमांक, बोट, बंदर, गाव, आणि १८६० च्या दशकापासून पुढे अनेकांचे छायाचित्रही. माणसांवर लक्ष ठेवायला केलेली ती नोंद आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंच्या हक्काचा कागद झाली आहे. आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशजांना असे कार्ड देणारा देश नाही, आणि बहुतेकांना आपला पूर्वज कुठल्या गावचा हे सांगणारी वहीही नाही.

दरम्यान देश म्हातारा होतो आहे. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाख पस्तीस हजारांच्या आसपास भरली, म्हणजे अकरा वर्षांत किंचित घटलीच. दर स्त्रीमागे आता दीडपेक्षा कमी मुले आहेत. शिकलेली मुले फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जातात. मग कापड कारखान्यांत, इमारतींच्या कामांवर, बेकऱ्यांत माणसे कुठून येतात? बांगलादेश, मादागास्कर, नेपाळ आणि भारतातून, हजारोंनी. त्यांचाही करार ठराविक वर्षांचा असतो. त्यांच्याही गावी कुणीतरी एजंट असतो आणि जाण्यासाठी काढलेले कर्ज असते. घटनेच्या चार रकान्यांपैकी एकातही ते बसत नाहीत, कारण ते नागरिक नाहीत. त्यांची मुले तिथे जन्मली आणि राहिली तर त्यांना कुठे लिहायचे, हा प्रश्न उरतोच.